फुल स्कॅन मारूनही व्हायरस परत येतोय? मग स्कॅनचा क्रम चुकतोय

बऱ्याच जणांचं असं होतं की कॉम्प्युटर स्लो झाला किंवा पेनड्राइव्हमधे सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट दिसायला लागले की थेट फुल स्कॅनचं बटण दाबायचं, दोन तास थांबायचं, "नो करंट थ्रेट्स" आलं की खूश व्हायचं आणि चार दिवसांनी परत तोच प्रकार. मग अँटीव्हायरस बेकार आहे म्हणून दुसरा टाकायचा. अँटीव्हायरस बेकार नसतो हो, त्याला काय दाखवलं, कधी दाखवलं आणि त्याने सांगितलेलं वाचलं का, इथे घोळ असतो. ती हिरवी टिक फक्त एवढंच सांगते की मला जेवढं उघडता आलं त्यात, माझ्याकडे आत्ता असलेल्या माहितीप्रमाणे, काही सापडलं नाही. बाकीच्याची गॅरंटी ती देत नाही.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ मधल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर लिहिलंय, कारण तो प्रत्येकाकडे आधीपासून असतो. तुमच्याकडे क्विक हील, के७, कॅस्परस्की असं काही असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, क्रम तोच.

## सुरू करण्याआधी: स्कॅनर फाइलमधे बघतो तरी काय

हे पाच मिनिटं वाचा, नाहीतर पुढच्या पायऱ्या का आहेत ते कळणार नाही आणि तुम्ही त्यातल्या दोन-तीन गाळणार.

स्कॅनर फाइलचं नाव बघून निर्णय घेत नाही. नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलंय म्हणून तो पीडीएफ समजत नाही, तो फाइल उघडून आतले सुरुवातीचे बाइट बघतो. विंडोजचा चालणारा प्रोग्राम असेल तर पहिली दोन अक्षरं "एमझेड" अशी असतात, मग बाहेर नाव काहीही असो. म्हणजे "लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई" बघून आपण फसतो कारण विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, स्कॅनर त्यात फसत नाही.

मग तो त्या फाइलची ओळख पटवतो. सगळ्यात सोपी पद्धत हॅशची, म्हणजे पूर्ण फाइलवरून गणित करून एक ठरावीक लांबीचा नंबर काढायचा आणि माहितीतल्या वाईट फाइल्सच्या यादीशी जुळतो का बघायचं. यात अडचण अशी की फाइलमधे एक बाइट जरी बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे नुसत्या हॅशवर भागत नाही. म्हणून सिग्नेचर असतात, म्हणजे फाइलच्या आतले ठरावीक तुकडे, ठरावीक रचना, अमुक कोडनंतर तमुक कोड आला तर ही त्याच खानदानातली फाइल. त्याच्याही पुढे जाऊन काही फाइल्स स्कॅनर एका खोट्या, बंदिस्त कॉम्प्युटरमधे थोडा वेळ चालवून बघतो, कारण बऱ्याच व्हायरसचा खरा कोड गुंडाळून ठेवलेला असतो आणि चालू झाल्यावरच उलगडतो. आणि तरीही शंका राहिली तर डिफेंडर नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत फाइल अडवून धरतो. साधारणपणे १० सेकंदांपर्यंत.

झिप, आरएआर असेल तर तो आत शिरतो, आतली प्रत्येक फाइल वेगळी बघतो. नवीन वर्ड आणि एक्सेल फाइल म्हणजेसुद्धा आतून झिपच असते, त्यामुळे मॅक्रो, म्हणजे त्या फाइलमधे दडलेले छोटे प्रोग्राम, शोधायला तो तिथेही शिरतो. म्हणून स्कॅन चालू असताना दिसणारा फाइल्सचा आकडा तुमच्या डिस्कवरच्या फाइल्सपेक्षा जास्त निघतो, घाबरू नका.

आणि आता महत्त्वाचं, तो काय बघू शकत नाही:

- पासवर्ड लावलेली झिप. पासवर्ड त्याला माहीत नाही, विषय संपला. मेलमधे "पासवर्ड १२३४" असं लिहून झिप पाठवतात ते याचसाठी.
- तुम्ही स्वतः एक्सक्लुजनमधे, म्हणजे "हे तपासू नको" अशा यादीत, टाकलेले फोल्डर.
- फक्त क्लाउडवर असलेल्या फाइल्स, म्हणजे वनड्राइव्हमधे ढगाचं चिन्ह असलेल्या. त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच.
- विंडोज चालू असताना विंडोजच्याच खाली लपून बसलेला व्हायरस, जो स्कॅनरला खोटी उत्तरं देतो.
- जोडलेलाच नसलेला पेनड्राइव्ह. हसू नका, नव्वद टक्के वेळा रोग तिथूनच परत येतो असं माझं मत झालंय.

पुढच्या पायऱ्या यातली बहुतेक भोकं बुजवायला आहेत.

## पायरी १: तयारी (इथेच सगळ्यात जास्त गोष्टी गाळल्या जातात)

१. एकच अँटीव्हायरस ठेवा. दोन असतील तर दुप्पट सुरक्षा मिळत नाही, दोघं एकाच वेळी एकाच फाइलवर बसतात आणि मशीन रडायला लागतं. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, पण दुसरा आणि तिसरा एकमेकांसाठी बाजूला होत नाहीत. आणि ट्रायल संपलेला, "रिन्यू करा" म्हणून बोंबलणारा अँटीव्हायरस ठेवण्यापेक्षा तो काढून डिफेंडर चालू केलेला शंभर पटीने बरा. काढल्यावर रिस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटी उघडून "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" मधे खरंच डिफेंडर जागा झालाय का बघा.

२. कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शन होत नाही, की अपडेट येत नाही. लोक तासभर "अपडेट फेल्ड" बघत बसतात आणि कारण असतं पन्नास रुपयांच्या आतला सेल.

३. अपडेट करा, आणि स्कॅनच्या आधी करा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, खाली "प्रोटेक्शन अपडेट्स", मग "चेक फॉर अपडेट्स". नवी माहिती दिवसातून अनेकदा येते, त्यामुळे काल केलंय हे उत्तर चालणार नाही. आधी स्कॅन आणि मग अपडेट हा उलटा क्रम इतक्या जणांचा असतो की काय सांगू, म्हणजे जुन्या यादीवर दोन तास घालवायचे आणि नवी यादी आल्यावर स्कॅन बंद.

४. नेट चालू ठेवा. घाबरून वायफाय बंद करून स्कॅन करणारे बरेच आहेत. वर सांगितलं तसं शंका असलेल्या फाइलबद्दल डिफेंडर सर्व्हरला विचारतो, नेट नसेल तर ती अख्खी सोय गेली. "क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन" चालू आहे ना तेही बघा. अपवाद एकच: डोळ्यादेखत फाइल्सची नावं बदलताहेत, उघडत नाहीयेत, खंडणीची नोट दिसतेय, तर नेट आणि केबल आधी उपटा, स्कॅन नंतर.

५. कामाच्या फाइल्सची एक कॉपी काढा. फोटो, वर्ड, एक्सेल, अकाउंटिंगचा डेटा. कारण स्कॅनर कधीकधी मॅक्रोवाली तुमची स्वतःची एक्सेल फाइलही उचलून नेतो. कॉपी काढताना ईएक्सई फाइल्स, सेटअप, क्रॅक वगैरे घेऊ नका, फक्त डेटा. आणि ही कॉपी ज्या डिस्कवर काढली ती संशयित समजा, तिचं काय करायचं ते पायरी ८ मधे आहे.

६. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा. झाकण लावलं किंवा मशीन झोपलं की स्कॅन तिथेच अडकतो.

७. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलुपाची, की हाताशी ठेवा. नव्या बऱ्याच लॅपटॉपमधे डिस्क एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. पुढे ऑफलाइन स्कॅनच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सापडते, आत्ताच फोनवरून उघडून कागदावर लिहून ठेवा.

> चेक: प्रोटेक्शन अपडेट्सच्या पानावर "व्हर्जन क्रिएटेड ऑन" समोर आजची किंवा फार तर कालची तारीख दिसली पाहिजे. मागच्या महिन्याची असेल तर पुढे जाऊ नका.

विंडोज १० वाल्यांसाठी एक: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, पण डिफेंडरची माहिती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. म्हणजे स्कॅन चालेल, पण विंडोजची भोकं बुजवणं वेगळं आणि व्हायरस ओळखणं वेगळं, हे डोक्यात ठेवा.

## पायरी २: एक्सक्लुजन आणि अलाऊड यादी साफ करा

व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, "मॅनेज सेटिंग्ज", अगदी खाली "एक्सक्लुजन्स". उघडा.

इथे काय काय सापडतं हे बघून धक्का बसेल. कुणीतरी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं तेव्हा ते अडत होतं म्हणून अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लुड करून गेला. भाच्याने गेम टाकताना डाउनलोड्स फोल्डर टाकला. आणि काही व्हायरस आत शिरल्यावर पहिलं काम हेच करतात, स्वतःचा फोल्डर या यादीत घालतात, म्हणजे पुढे कितीही फुल स्कॅन मारा, तिकडे बघितलंच जात नाही. अख्खा ड्राइव्ह, डाउनलोड्स, टेम्प, ॲपडेटा, किंवा नुसतं "ईएक्सई" असं एक्स्टेन्शन दिसलं तर उडवा. जे तुम्ही स्वतः, कारण माहीत असताना टाकलंय तेवढंच ठेवा, आणि तेही स्कॅनपुरतं काढलं तर उत्तमच.

मग "अलाऊड थ्रेट्स" उघडा. मागे कधीतरी घाईत "अलाऊ" दाबलेलं सगळं इथे बसलेलं असतं. तेही काढा.

"मॅनेज सेटिंग्ज"च्या पानावरच वर "रिअल-टाइम प्रोटेक्शन" आणि "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू करा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असलं की दुसरा प्रोग्राम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही.

> सावधान: घरच्या कॉम्प्युटरवर "ही सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" अशा अर्थाचा मेसेज आला आणि बटण दाबलंच जात नसेल, तर कुणीतरी पॉलिसी बदललीय. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ठीक, आयटीवाल्यांना विचारा. घरचा असेल तर क्विक आणि फुल सोडा, सरळ पायरी ७ करा.

## पायरी ३: कचरा काढा आणि रिस्टार्ट मारा

सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. डिलीट. यादीत "डाउनलोड्स"वर टिक असेल तर ती काढा, नाहीतर तिथलं कामाचंही जाईल. स्कॅनर एकेक फाइल उघडून बघतो म्हटल्यावर फालतू फाइल्स जितक्या कमी तितका वेळ कमी, एवढंच साधं आहे.

मग रिस्टार्ट. शटडाऊन करून चालू करणं नाही. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर सिस्टमचा काही भाग तसाच साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमधे सगळं नव्याने सुरू होतं. अपडेट अर्धवट अडकलं असेल तर तेही यात लागतं.

> चेक: स्कॅनर खरंच जागा आहे का ते बघायला आयकार या संस्थेची टेस्ट फाइल वापरा. ही व्हायरस नाही, ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, जगभरच्या अँटीव्हायरसनी ठरवून ती पकडायची असं ठरलंय. आयकारच्या साइटवरून ती ओळ कॉपी करा, नोटपॅडमधे पेस्ट करा, सेव्ह करा. ओळ फाइलच्या अगदी सुरुवातीला हवी, आधी दुसरं काही टाइप केलं तर पकडली जाणार नाही. काही सेकंदांत डिफेंडर ओरडला पाहिजे. ज्या फोल्डरवर शंका आहे तिथे सेव्ह करून बघा, ओरडला नाही तर तो फोल्डर अजून कुठेतरी एक्सक्लुडेड आहे.

## पायरी ४: आधी क्विक स्कॅन

क्विक स्कॅनला लोक नावं ठेवतात, उगाच. तो अख्खी डिस्क बघत नाही हे खरं, पण मेमरीत चालू असलेल्या गोष्टी, स्टार्टअपच्या जागा, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी, म्हणजे व्हायरसला जिवंत राहायचं तर जिथे यावंच लागतं त्या जागा तो बघतो. डिस्कच्या कोपऱ्यात पडलेली मेलेली फाइल त्रास देत नाही, चालू असलेली देते. म्हणून चालू असलेली आधी मारायची, मग फुल स्कॅन निवांत.

काही सापडलं तर त्यावर कारवाई करा, रिस्टार्ट करा, परत एकदा क्विक मारा. दुसऱ्या वेळी तेच नाव आलं तर फुल स्कॅनमधे वेळ घालवू नका, पायरी ७ ला उडी मारा आणि मग मागे या.

## पायरी ५: फुल स्कॅन

"स्कॅन ऑप्शन्स", "फुल स्कॅन", "स्कॅन नाऊ". रात्री लावून झोपा. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तासनतास लागतात, एसएसडीवर बरंच लवकर आटपतं. उरलेला वेळ म्हणून जो आकडा दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका, मोठी झिप लागली की वीस मिनिटांचे दोन तास होतात.

चालू असताना मोठ्या फाइल्स कॉपी करू नका, टॉरंट, व्हिडिओ एडिटिंग बंद. आणि स्कॅन संपल्यावर खिडकी लगेच बंद करू नका. काही सापडलं असेल तर "स्टार्ट ॲक्शन्स" असं बटण येतं. ते दाबावं लागतं. सापडलं म्हणजे गेलं असं समजून खिडकी बंद करणारे बघितलेत मी, आणि मग म्हणतात रोज तोच व्हायरस दाखवतोय.

> सावधान: फुल स्कॅन म्हणजे जोडलेला पेनड्राइव्हही आला असं धरून चालू नका. सेटिंगप्रमाणे तो वगळला जाऊ शकतो. पेनड्राइव्हचा स्कॅन वेगळा करायचा.

## पायरी ६: रिझल्ट वाचा, नुसता रंग बघू नका

"प्रोटेक्शन हिस्टरी" उघडा आणि प्रत्येक ओळीवर क्लिक करा. दोन गोष्टी बघायच्या, नाव आणि जागा.

नाव. डिफेंडर नाव ठरावीक साच्यात देतो. उदाहरणार्थ "ट्रोजन:विन३२/वॅकाटॅक.बी!एमएल". पहिला तुकडा प्रकार, म्हणजे ट्रोजन, चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेऊन येणारा. मग कुठे चालतो, म्हणजे विंडोज. तिरक्या रेघेनंतर खानदानाचं नाव, टिंबानंतर त्यातली कुठली आवृत्ती. आणि उद्गारचिन्हानंतर "एमएल" असेल तर ही ओळख ठरावीक सिग्नेचरने नाही, मशीन लर्निंगच्या अंदाजाने पटवलीय. म्हणजे खोटी नसेलच असं नाही आणि खोटीच आहे असंही नाही. तुम्ही स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर हे नाव आलं तर चूक असण्याची शक्यता बरीच, "फ्री डाउनलोड" वाल्या साइटवरून आणलेल्या सेटअपवर आलं तर अजिबात वाद घालू नका.

"हॅकटूल:विन३२/ऑटोकेएमएस" हे आपल्याकडे घरोघरी सापडतं. विंडोज किंवा ऑफिस फुकट ॲक्टिव्हेट करून दिलेलं असतं त्याची ती खूण. दुकानदार सांगतो "ते असंच दाखवतं, अलाऊ करा". तुमचा ॲक्टिव्हेटर कदाचित फक्त ॲक्टिव्हेटरच असेल, पण त्याच नावाच्या पॅकेजमधे पासवर्ड चोरणारा घालून वाटणं ही जुनी युक्ती आहे आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी तरी अलाऊ करा म्हणणार नाही.

"पीयूए" ने सुरू होणारी नावं म्हणजे व्हायरस नाही पण नको असलेलं सामान, टूलबार, ड्रायव्हर अपडेटर, पीसी फास्ट करणारे वगैरे. काढून टाका, झोप घालवू नका.

जागा. नावाखाली "अफेक्टेड आयटम्स" असतात. तिथे "कंटेनरफाइल" आणि "फाइल" अशा दोन ओळी दिसल्या, आणि दुसऱ्या ओळीत झिपच्या नावानंतर बाण असेल, तर व्हायरस झिपच्या आत पडलाय, अजून चालू झालेला नसू शकतो. ती झिप डिलीट, बरंचसं काम झालं. पण जागा स्टार्टअप फोल्डर, ॲपडेटाच्या आतला विचित्र अक्षरांचा फोल्डर किंवा शेड्यूल्ड टास्क असेल, तर तो चालू होता. मग पुढची पायरी सोडायची नाही. ब्राउझरच्या कॅशेमधली फाइल असेल तर बहुतेक वेळा एखाद्या पानावरून आलेला तुकडा असतो, ब्राउझरचा डेटा साफ करा.

कारवाईत शंका असेल तर क्वारंटाइन निवडा, रिमूव्ह नाही. क्वारंटाइनमधे फाइल अशा रूपात कोंडून ठेवतात की ती चालू होऊ शकत नाही, आणि तुमची कामाची फाइल चुकून उचलली गेली असेल तर परतही आणता येते.

> चेक: प्रत्येक ओळीसमोर "क्वारंटाइन्ड" किंवा "रिमूव्ह्ड" असावं. "ॲक्शन नीडेड" किंवा "रेमेडिएशन इन्कम्प्लीट" असेल तर काम बाकी आहे.

## पायरी ७: ऑफलाइन स्कॅन

हा पर्याय फार थोडे लोक वापरतात आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. विंडोज चालू असताना स्कॅनर विंडोजलाच विचारतो की या फोल्डरमधे काय काय आहे. खोल बसलेला व्हायरस हे उत्तरच बदलतो. ऑफलाइन स्कॅनमधे तुमचं नेहमीचं विंडोज सुरूच होत नाही, मशीन रिकव्हरीच्या छोट्या वातावरणात उघडतं आणि तिथून डिस्क तपासतं. व्हायरस तेव्हा नुसती पडलेली फाइल असतो, लपायला त्याला जागा नाही.

१. सगळी कामं सेव्ह करा. खरंच करा, बटण दाबल्यावर मिनिटभराच्या आत मशीन रिस्टार्ट होतं.
२. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क काढा. चार्जर लावलेला हवा.
३. "स्कॅन ऑप्शन्स" मधे "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटीव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)", मग "स्कॅन नाऊ".
४. बिटलॉकरची की मागितली तर कागदावरची टाका.
५. साधारण १५ मिनिटं लागतात. स्क्रीनवर वेगळीच खिडकी दिसेल, मधे बटण दाबून बंद करू नका.
६. परत विंडोज सुरू झाल्यावर काही "अभिनंदन" वगैरे येत नाही. प्रोटेक्शन हिस्टरीत स्वतः जाऊन बघायचं.

मशीन रिस्टार्ट झालं आणि स्कॅन न होताच विंडोज उघडलं, तर बहुधा रिकव्हरीचं वातावरण बंद आहे किंवा बिघडलंय. दुसऱ्या अँटीव्हायरसचा बूट टाइम स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी चालणारा स्कॅन, असेल तर तो वापरा.

## पायरी ८: आता पेनड्राइव्ह, आधी नाही

क्रम इथेच उलटा होतो. लोक पेनड्राइव्ह साफ करतात, आजारी पीसीलाच लावून साफ करतात, आणि तो पुढच्या क्षणी परत आजारी. आधी पीसी स्वच्छ, मग एकेक पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, पायरी १ मधली बॅकअपची डिस्कसुद्धा. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्मची प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह सगळ्यात आधी.

१. पेनड्राइव्ह लावा, पण त्यातलं काहीही डबल क्लिक करू नका.
२. "धिस पीसी" मधे ड्राइव्हवर राइट क्लिक, विंडोज ११ मधे गरज पडली तर "शो मोअर ऑप्शन्स", मग "स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर".
३. स्कॅननंतर ड्राइव्ह रिकामा दिसेल कदाचित. घाबरून फॉरमॅट करू नका! व्हायरसने तुमचे फोल्डर लपवले होते आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवले होते. स्कॅनर शॉर्टकट काढतो, लपवलेलं परत दाखवणं हे त्याचं काम नाही.
४. फोल्डर ऑप्शन्स उघडा, "व्ह्यू" टॅब, "शो हिडन फाइल्स" निवडा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स" ची टिक काढा. दुसरी टिक काढल्याशिवाय दिसणार नाहीत, कारण व्हायरस त्यांना सिस्टम फाइलचा शिक्का मारून ठेवतो.
५. काही वेळा सगळा डेटा एका नाव नसलेल्या फोल्डरमधे ढकललेला असतो. नावाच्या जागी नुसती रिकामी जागा, म्हणून नजरेतून सुटतो. उघडा त्याला, सगळं आत सापडेल.
६. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली "हिडन"ची टिक बऱ्याचदा निघत नाही, राखाडी असते. वाद घालू नका, नवा फोल्डर करा आणि आतल्या फाइल्स त्यात हलवा.
७. फोटो आणि कागदपत्रं पीसीवर घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, वरची टिक परत लावा.

फोल्डर आहे की शॉर्टकट हे ओळखायचं असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. "शॉर्टकट" टॅब दिसला आणि "टार्गेट"च्या चौकटीत तुमच्या फोल्डरऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट असं काही आणि पुढे लांबलचक ओळ दिसली, तर तोच तो.

## पायरी ९: एकाच फाइलवर शंका असेल तर

पासवर्डवाली झिप आली तर आधी एक्स्ट्रॅक्ट करा, उघडू नका, आणि एक्स्ट्रॅक्ट झालेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून स्कॅन मारा. आता स्कॅनरला आतलं दिसतंय.

दुसरं मत हवं असेल तर व्हायरसटोटल ही वेबसाइट, जिथे एकच फाइल ७० हून जास्त इंजिनकडून तपासली जाते. ६५० एमबीपर्यंतची फाइल टाकता येते. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या अभ्यासकांना मिळू शकते, त्यामुळे आधार, सातबारा, बॅलन्स शीट, ऑफिसचं टेंडर असलं काही चुकूनही टाकू नका. त्याऐवजी फाइलचा हॅश काढा. सेव्हन-झिप हा झिप उघडायचा प्रोग्राम असेल तर राइट क्लिकच्या मेन्यूतच एसएचए-२५६ मिळतो, ६४ अक्षरांचा. तो व्हायरसटोटलच्या सर्चमधे टाका. फाइल आधी कुणी टाकली असेल तर रिपोर्ट दिसेल, आणि तुमची फाइल तुमच्याकडेच राहील.

रिपोर्ट वाचताना वर किती दिवसांपूर्वीचा आहे ते बघा, जुना असेल तर परत ॲनलाइझ करा. सत्तरातल्या एक-दोन अनोळखी इंजिननी "जेनेरिक" असं काही म्हटलं तर तो बहुधा चुकीचा इशारा. पण मोठ्या पाच-सहा नावांनी एकाच खानदानाचं नाव घेतलं असेल तर ती फाइल ठेवायची नाही. आणि शून्य आलं म्हणजे फाइल चांगली असंही नाही, कालच बनवलेली फाइल आज कुणालाच माहीत नसते. दोन दिवसांनी परत बघा.

## व्हायरस सापडला होता, आता?

पासवर्ड बदला, पण त्याच मशीनवरून नाही. फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून. आधी मेल, मग बँक, मग बाकी. आणि प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट" करा, कारण आजकालचे चोर पासवर्डसोबत ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलतात आणि नुसता पासवर्ड बदलून ते प्रत्येक ठिकाणी तुटतंच असं नाही. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स उघडून जे तुम्ही टाकलं नाही ते काढा.

ऑफलाइन स्कॅननंतरही तेच नाव परत आलं, तर आणखी चार अँटीव्हायरस लावत बसू नका. डेटाची कॉपी आहेच, विंडोज नव्याने टाका, तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेनड्राइव्हने. आणि खंडणीवाल्याने फाइल्स लॉक केल्या असतील तर स्कॅनर व्हायरस काढेल, लॉक झालेल्या फाइल्स उघडून देणार नाही. त्या लॉक झालेल्या फाइल्स डिलीट करू नका, बाजूला ठेवा, काही खानदानांच्या चाव्या नंतर फुकट उपलब्ध झाल्यात. या सगळ्यात बँकेतून पैसे गेले असतील तर स्कॅन बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला, तिथे जितका उशीर कराल तितकं पैसे अडवणं अवघड होत जातं.